जागेपणाचं बटण

तिथे नका बसू बाई, त्या खुर्चीचा पाय हलतो — इकडे या, ह्या बाजूला, वारा लागेल. पिशवी ठेवा ना खाली, मांडीवर काय धरून बसलात, कुणी पळवत नाही — हां. आणि अशा सारख्या दचकू नका. घंटी आहे ती. टिंग. दर मिनिटाला वाजणार, दोन दिवस त्रास होतो, मग कान मरतात. आतल्या खोलीत आमचे हे आहेत ना, त्यांच्या हातात बटण दिलंय, ते तिथे दाबतात आणि इथे स्वयंपाकघरात वाजतं. म्हणजे मी इकडे भांडी घासत असले तरी मला कळतं, माणूस जागा आहे, ठीक आहे. लेक तर ते बघून रडली. म्हणाली, आई, किती गं करतेस तू बाबांचं! आता करायचं नाही तर काय करायचं — सगळं अंग गेलंय, वाचा गेली, उरलं काय, तर डोळे, कान आणि ही उजवी मूठ. त्या मुठीतला अंगठा. त्या एका अंगठ्यावर आमचा संसार चाललाय बघा.

दार उघडंच असू दे. त्यांना ऐकू जातं ते चांगलंच आहे, त्यांनाही कळू दे नवीन बाई आलीय. काय हो, ऐकताय ना? — बघा, टिंग. ऐकतात. कान अगदी शाबूत आहेत, देवाची कृपा.

तर काय सांगत होते, लेक. ती येईलच आता तासाभरात, कामावरून परस्पर. तिचं म्हणणं असं की आई, मी येईपर्यंत बाई ठरलेली असेल तर ठीक, नाहीतर बाबांना मी माझ्या घरी नेते. नेते! शिवणयंत्र आहे का ते, पडलंय घरात तर ने उचलून? माझा नवरा आहे. मी म्हटलं, ठरेल, ठरेल बाई, तू नको काळजी करू. तेव्हा आपण ठरवून टाकू, काय? चहा टाकते. नको? बरं, मग पाणी तरी घ्या. तुमच्याआधी तिघी येऊन गेल्या, खोटं कशाला बोलू. एकीची कंबर धरली. दुसरी म्हणाली ह्या टिंगटिंगनं माझं डोकं उठतं — आणि तिसरी पदर तोंडाला लावून जी जिना उतरली ती उतरलीच, चपला विसरली इथे. दाराशी त्याच पडल्यात, मघाशी तुम्ही ओलांडल्यात ना, त्याच. तुमच्या मापाच्या असतील तर घेऊन जा.

दर मिनिटाला का, म्हणता? सगळ्या हेच विचारतात. अहो, ते इंजिन चालवायचे ना! रेल्वेचं. डिझेलचं. उभा जन्म त्यात गेला, मालगाड्या ओढल्या. शेडमध्ये त्यांना आठव्या म्हणायचे. हँडलला आठ खाचा असतात म्हणे, पहिली खाच, दुसरी खाच, असं करत वाढवायचं, आणि हे गृहस्थ कधी बघावं तर आठव्या खाचेत. घरातसुद्धा. आले की आठव्या खाचेतच यायचे, दार लाथेनं उघडून. आणि मला काय म्हणायचे, सांगू? डबा. ‘अगं ए डबा, पाणी आण.’ कारण काय, तर मला ओढावं लागतं, मी स्वतःहून हलत नाही. त्यांचे दोस्त यायचे शेडमधले, ते पण — ‘काय डबावहिनी, चहा आहे का?’ हसायचे सगळे. मीही हसायचे. हसले नाही तर दोस्त गेल्यावर भोगायला लागायचं.

पण त्याचं मूळ वेगळंच होतं. नवीन लग्न, मला काय कळतंय, पाचसहा जण जेवायला बसलेले, ह्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, सांग बरं, इंजिनाची चाकं कोण फिरवतं? मी म्हटलं, इंजिन. आता तुम्ही काय म्हणाल? — बघा, तुम्ही पण इंजिनच म्हणालात! सगळं जग हेच म्हणेल. पण तेव्हा पंगत जी हसली — एकाच्या नाकातून पाणी आलं. आणि हे नाही हसले. हे उठले, ओट्यावरची माझी भांडी घेतली आणि तिथेच जमिनीवर मांडली. मोठं पातेलं — हे डिझेल इंजिन. त्याला चिकटून तांब्या — हा जनरेटर. मग सहा वाट्या दोन रांगांत — ह्या मोटारी, एकेका आसाला एकेक. आणि माझी वेणीची रिबीन सोडली बाई, सगळ्यांसमोर, आणि तांब्यापासून वाट्यांपर्यंत लावली. ही तार. बघ म्हणाले, पातेलं चाकाला शिवत नाही. कधीच नाही. पातेलं फक्त तांब्याला फिरवतं, तांब्यात वीज होते, वीज तारेतून वाट्यांना जाते, आणि चाक फिरवतात त्या वाट्या. इंजिनाचा आणि चाकाचा काही संबंध नाही. मध्ये फक्त तार. म्हण. मी म्हटलं. परत म्हण. मी परत म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी म्हणत होते, इंजिन चाकाला शिवत नाही, इंजिन चाकाला शिवत नाही.

मग ते रोजचंच झालं. जेवायला बसले की परीक्षा. माझी भांडी त्या आगगाडीत अडकलेली, त्यामुळे मी जेवायची नंतर, सगळं गार झाल्यावर. पण शिकले हां मी. पक्की शिकले. मोटरगाडीसारखे त्या इंजिनाला दाते, म्हणजे गिअर, का लावत नाहीत, सांगू? कारण एवढा बोजा — मागे पन्नास वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, लोखंड भरलेले — जाग्यावरून हलवायचा म्हटलं तर दाते झिजून धूर निघेल. पण विजेच्या मोटारीचं तसं नाही. तिचा सगळ्यात जास्त जोर कधी असतो? धावताना? नाही. उभी असताना! गाडी जाग्यावर थिजलेली, हलत नाही, डुलत नाही, तेव्हा तिच्यात सगळ्यात जास्त ताकद असते. मला आधी हे पटायचंच नाही. हे म्हणायचे, तुला नाहीच पटणार, तू डबा.

टिंग. वाजली, ऐकलंत? मी बोलत असले तरी माझा एक कान तिकडे असतो. तोही त्यांनीच लावलाय.

कारण रात्रीचं काय असायचं — म्हणजे मी सगळं नाही सांगत, तुम्ही परक्या, पण आता घरातच राहायचंय तर थोडं कळलेलं बरं. इंजिनात एक बटण असतं. ड्रायव्हर झोपला, मेला, काही झालं, तर गाडी तशीच धावत सुटायला नको ना? म्हणून दर मिनिटाला ते बटण दाबायचं. मी जागा आहे. मी जागा आहे. नाही दाबलं तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरी नाही दाबलं तर इंजिन स्वतःच मोटारींची वीज तोडतं आणि ब्रेक मारतं. गाडी उभी. आणि उभी राहिली की लपत नाही, पुढच्या स्टेशनात सगळ्यांना कळतं, जाब द्यावा लागतो, गाडी का थांबली. तर ह्यांनी ते घरात आणलं. अंथरुणावर पडले की हाक — ‘आहेस?’ मी म्हणायचं, ‘हं.’ परत थोड्या वेळानं, ‘आहेस?’ — ‘हं.’ काय पाहिजे? काही नाही. नुसतं बघायचं, जागी आहे का. आणि एखादा ‘हं’ चुकला, माझा डोळा लागला, की उठून जायचे आणि घराचा मेन स्विच पाडायचे. पंखा बंद, दिवे बंद. ‘गाडी उभी,’ म्हणायचे. सकाळपर्यंत तसंच. एकदा लेक तापानं फणफणलेली होती, एवढीशी होती ती, आणि मी तिच्या उशाशी बसल्या बसल्या पेंगले. एक ‘हं’ चुकला. अंधारात, त्या उकाड्यात, पुठ्ठ्यानं वारा घालत बसले मी पोरीला. लेकीला हे काही आठवत नाही. तिला आठवतं की बाबांनी खांद्यावर बसवून इंजिन दाखवलं होतं. असू दे. पोरींना बाप गोडच लागतो.

मग मी झोपेत ‘हं’ म्हणायला शिकले. खरंच! गाढ झोपेत. शेजारच्या काकू राहायला आल्या होत्या, त्या सांगायच्या, तू घोरतेस आणि मध्येच ‘हं’ म्हणतेस. अजूनही. कुणीही ‘आहेस?’ म्हटलं की निघतोच तोंडातून, मला कळतसुद्धा नाही. आणि गंमत सांगू, त्यांचंही तेच! स्वतःच सांगायचे फुशारकीनं, की एकदा दोन स्टेशनं मी झोपेत काढली, अंगठा आपला दाबतोय, दाबतोय. माणूस झोपलेला आणि अंगठा जागा. सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचं होतं म्हणे तसं. ज्यानं बटण बनवलं त्याच्या ध्यानात नाही आलं, की माणसाला इतकं शिकवलं की माणूस नसला तरी चालतं.

बरं, मग हे असे पडले. दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. जावई माझा हुशार आहे, विजेचंच काम करतो. त्याला मी म्हटलं, त्यांना ते बटण करून दे बाबा, इंजिनातल्यासारखं, त्यांना सवय आहे, बरं वाटेल. त्यानं दिलं करून. घंटी, हा इथला लाल दिवा — तो बघा, कपाटावर — आणि बझर. तेवढंच त्यानं केलं. पंख्याचं मी नंतर करून घेतलं, दुसऱ्या वायरमनकडून.

पंख्याचं म्हणजे — काही नाही हो. बटण नाही दाबलं तर आतला दिवा आणि पंखा बंद होतो. तेवढंच. वायरमनला म्हटलं वीज वाचते. आणि चालू करायचा तर त्याच बटणानं, मध्ये थोडं थांबून, मग दाबून धरायचं. इंजिनात असंच असतं, लगेच नाही चालू होत, आधी सगळं शून्यावर आणायचं, थांबायचं. दुसऱ्या कुणाला इथून स्विच टाकून चालू करता येत नाही. मीच सांगितलं वायरमनला, त्यांच्याशिवाय कुणाला चालू करता येता कामा नये. तो म्हणाला, काकू, पण समजा... मी म्हटलं तू तुझं काम कर.

अशा काय बघता? हल्ली त्यांचं चुकतच नाही. पहिल्या आठवड्यात चुकायचं, घामानं उशी भिजायची, मग शिकले. मी नाही का शिकले?

आता काम ऐका, म्हणजे गोंधळ नको. अंग पुसायचं, कूस बदलायची, पातळ भरवायचं, ते सगळं तुम्ही कराल तसं, मला त्यात पडायचं नाही. मी हात लावत नाही त्यांना. आजारपण सुरू झाल्यापासून एकदाही नाही. म्हणून तर बाई पाहिजे. पण बटण त्यांच्या हातून तुम्ही दाबायचं नाही. ही पहिली गोष्ट. ती पहिली बाई दाबायची, दया येते म्हणे. दुसरं, पाणी मागितलं — ते डोळ्यांनी मागतात, कळतं — तर लगेच नाही द्यायचं. आधी टिंग होऊ द्यायची, मग पाणी. आणि तिसरं म्हणजे जेवणाच्या वेळी मी येणार. मी दारात उभी राहणार आणि विचारणार, चाकं कोण फिरवतं? एकदा दाबलं तर इंजिन, दोनदा दाबलं तर मोटार. ते दोनदा दाबतात. टिंग, टिंग. बरोबर आहे. कसं चुकेल, जन्म गेला. पण मी कधीकधी म्हणते, चूक. परत सांगा. ते परत दाबतात, टिंग, टिंग. मी म्हणते चूक. वाटी हातात धरून तुम्ही उभं राहायचं, भरवायचं नाही, मी बरोबर म्हणेपर्यंत. गार झालं तर झालं. गार खाल्ल्यानं काही होत नाही, मी खाल्लंय इतकी वर्षं.

नाही, रागानं नाही करत मी. देवाशपथ. राग असता तर कधीच मरू दिलं असतं. मी तर रोज दिवा लावते आणि देवाला म्हणते, ह्यांना उदंड आयुष्य दे. माझं काढून दे, पण ह्यांना दे. लेक ऐकते आणि परत रडते. मनापासून मागते हो मी, उपाशी राहून मागते, आठवड्यातून एक दिवस मी पाणीसुद्धा घेत नाही त्यांच्यासाठी. ते गेले तर मी करू काय? मला हाक कोण मारणार, आणि मी कुणाला मारणार?

तुम्हाला अजून एक सांगते, उतारावरचं. ते मला सगळ्यात आवडायचं, ती एकच गोष्ट मी आपणहून विचारली होती त्यांना. डोंगर उतरताना एवढी जड गाडी, नुसत्या ब्रेकनं धरली तर चाकं लाल होतील. मग काय करतात — त्याच मोटारी उलट्या कामाला लावतात! मघाशी वीज घेऊन चाक फिरवत होत्या ना, आता चाकं त्यांना फिरवतात आणि त्या वीज करायला लागतात, आणि ती वीज करण्यात गाडीचा जोर खर्च होतो. म्हणजे गाडीचाच वेग गाडीला धरून ठेवतो. जितक्या जोरात आलास तितका अडकशील. मी विचारलं, मग त्या विजेचं काय करतात? हे म्हणाले, काही नाही. छपरावर तारांच्या जाळ्या असतात, त्यांत सोडतात, तापतात त्या, आणि वर पंखे लावून ती आग हवेत उडवून टाकतात. कुणाच्या कामाला येत नाही? नाही. साठवत नाहीत? कशात साठवणार, म्हणाले, एवढी मोठी गोष्ट साठवायला काही नसतं. फुकट जाळायची. त्या दिवशी मी भांडी घासताना खूप वेळ तोच विचार करत होते. आता त्यांच्याकडे बघते तेव्हा वाटतं, आता उतार लागलाय. आणि मला काही करावंच लागत नाही बाई. त्यांनीच जे जे मला शिकवलं, त्याच जोरावर —

थांबा.

वाजली का? मघापासून वाजली? मी बोलण्याच्या नादात — तुम्ही ऐकली?

लाल दिवा लागला. बघा ना, कपाटावर. असू दे, दाबतील. नवीन माणूस घरात आलं की करतात असं, लक्ष वेधून घ्यायला. तिसरीच्या वेळी पण केलं होतं. तुम्ही बसा. अहो, दाबा! पाहुण्या आल्यात!

हा बझर. कानात बोटं घाला हवं तर, फार कर्कश केलाय जावयानं. आता दाबतील. ह्याच्यापुढे ते जाऊ देत नाहीत, घामाची भीती बसलीय. दाबतील. मी मोजत नाही, पण दाबतील.

...गेला. पंखा गेला. पात्यांचा आवाज उतरत जातो, ऐकू येतंय? खड् खड् खड्, आणि मग काही नाही. बसा म्हणते ना! अजून कामावर लागला नाहीत तुम्ही. होऊ दे थोडं गरम. खिडकी मीच बंद केलीय, उन्हाची. झोपले असतील म्हणता? छे हो, झोपेत दाबतात ते! मघाशीच नाही का सांगितलं, झोपेत दाबतात, तापात दाबलं त्यांनी, शुद्धीवर नव्हते त्या रात्रीसुद्धा अंगठा चालू होता. झोपलेला माणूस नाही चुकत. चुकतो तो फक्त —

बाई, जरा बघून येता? नाही, नको. थांबा. मीच बघते. या माझ्या मागे, पण आत नका येऊ, दारातच थांबा.

अंधार आहे. कसला उकाडा केलाय — अहो? अहो, आहात?

डोळे उघडे आहेत. श्वास चाललाय. हुश्श! घाबरवलंत हो. छान जागे आहेत, टक्क जागे. बटण पण हातातच आहे, मुठीत. मग दाबत का नाही? दाबा. काय झालं? दाबा बघू. — माझ्याकडे नाही बघत. बाई, हे कुठे बघताहेत? तुमच्याकडे? सरका जरा. नाही. तुमच्याकडे पण नाही. बाहेरच्या दाराकडे बघताहेत.

लेक येणार ते मी मोठ्यानं बोलले ना मघाशी. दार उघडं होतं. सगळं ऐकलंय त्यांनी, पंख्याचं, वायरमनचं, गार वाटीचं, सगळं. आणि आता — गाडी उभी केलीय. मुद्दाम. लेकीला दिसावं म्हणून. गाडी का थांबली, कुणीतरी येऊन विचारावं म्हणून. हे बघा, हे असे आहेत! अंगात काही उरलं नाही तरी आठव्या तो आठव्याच! घाम किती फुटलाय, गळ्यापर्यंत ओघळ आलेत, तोंड लालबुंद झालंय, आणि दाबत नाहीत.

अहो, ऐका. असं नाही करायचं. ती घाबरेल. आपण म्हणू बिघडलंय. दाबा, पंखा लागेल, पाणी देते मी, टिंग नसली तरी देते. मी काही विचारणार नाही जेवताना. बरोबर आहे तुमचं, मोटारच, मोटार फिरवते. बरोबर म्हटलं ना मी! दाबा.

बाई, खिडकी उघडा ती. उघडा ना! कडी वर आहे. निघत नाही? राहू दे. — आता हे बटण मी — द्या इकडे. द्या. मूठ सोडा. काय हे, बोटं आहेत का — बाई, कधी हात लावला नव्हता मी, माझ्या लक्षातच नव्हतं केवढा हात आहे ह्यांचा — सोडा म्हणते! नुसता थिजलेला माणूस, हलत नाही, डुलत नाही, आणि एवढा जोर कुठून आणलात — सोडा, माझं बोट अडकलंय — अहो — अहो, दुखतंय —

बेल वाजली. ही आपली नाही, ही बाहेरची. दारावरची.

बाई, दार नका उघडू. आधी माझा हात सोडवा. दोन मिनिटं थांबू दे तिला, मी पंखा लावते, मग उघडा. कुठे निघालात? तुम्हाला सांगतेय मी! कामावर ठेवते तुम्हाला, आत्तापासून, म्हणाल तसं. बाई! ...मग जा! चालत्या व्हा, नकोच मला तुमच्यासारखी. पण जाताना ते दार — दार उघडू नका, नका —

अहो, हसताय काय? हो, तुम्ही. डोळ्यांनी हसताय, मला कळतं. शूः. काही बोलू नका. तशी ती पुढच्या खोलीतूनच हाक मारेल, मी उत्तर नाही द्यायची, आपण दोघं गप्प राहू, अगदी गप्प, कुणी नाही घरात असं समजून ती —

‘आई? एवढा अंधार का आतमध्ये? आई, आहेस?’

हं.